खामगावला आलेला व्हाइसरॉय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नागपूरच्या स्टेशनवर उतरून ‘मेयो’ एवढंच म्हटलं, की रिक्षावाला पुढचा प्रश्न विचारत नाही. इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय हे त्या ठिकाणाचं आजचं नाव. पाटीवर तेच आहे, कागदोपत्री तेच आहे. पण बुलढाणा, अकोला, यवतमाळकडून पेशंट घेऊन आलेला माणूस ‘मेयोत दाखवलं’ असंच सांगतो. हा मेयो कोण, असं विचारलं तर मात्र गडबड होते. कुणाला अमेरिकेतलं ते जगप्रसिद्ध मेयो क्लिनिक आठवतं. जुन्या वाचकांना ‘मदर इंडिया’ लिहून १९२७ साली आपल्या देशाला डिवचणाऱ्या मेयोबाई आठवतात. नागपूरच्या नावाशी या दोघांचाही संबंध नाही. हा मेयो म्हणजे रिचर्ड साउथवेल बर्क, मेयो घराण्याचा सहावा अर्ल, १८६९ ते १८७२ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. आणि आज त्याच्याविषयी बोलायचं कारण असं, की हा माणूस १८७० साली आपल्या खामगावला आला होता. आठ मैलांच्या एका रेल्वेफाट्याचं उद्‌घाटन करायला.

आठ मैल! साडेबारा-तेरा किलोमीटर. कलकत्त्याला राजधानी, सिमल्याला उन्हाळा आणि पेशावरपासून ब्रह्मदेशापर्यंतचा कारभार सांभाळणारा माणूस एवढ्याशा फाट्यासाठी वऱ्हाडात उतरतो, यातच त्या वेळच्या खामगावची किंमत कळते.

ती किंमत कापसाची होती. खामगावची पेठ सुमारे १८२० च्या सुमारास उभी राहू लागली. सुरुवातीला चार व्यापाऱ्यांनी दुकानं मांडली ती तूप, सूत आणि थोड्याफार कापसाची. त्या काळी वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाण्यापेक्षा उत्तरेकडे मिर्झापूरला जास्त जायचा. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून पाचेकशे मैल चालायचे. वाटेत पाऊस, धूळ, चोर, जंगल. कापूस पोचेपर्यंत पांढरा राहिला तर नशीब. तिथून तो गंगेतून नावेनं पुढे जाई. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन असा कापूस पिकवते हे ठाऊक सगळ्यांना होतं, पण तो बाहेर काढायचा कसा, हा प्रश्न सुटत नव्हता.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. निमित्त होतं हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाच्या थकबाकीचं. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा, असा तो विचित्र व्यवहार होता. डलहौसीला मात्र आपण काय मिळवलं याची पक्की जाणीव होती. हिंदुस्थानातला कापसाचा उत्तम मुलूख हाती आला होता. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५ या काळात तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. इंग्लंडात मजूर उपाशी बसले आणि इकडे वऱ्हाडात कापसाचे भाव आकाशाला भिडले. कास्तकारांनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी गोष्ट त्या काळाबद्दल सांगतात. गोष्ट खरी असो की रंगवलेली, खामगाव आज चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा ती तिथे ऐकायला गंमत वाटते. पण ही चैन चारच वर्षांची. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत शेअरबाजार बुडाला, बँका बुडाल्या, आणि प्रेमचंद रायचंदसारखा कापसाचा राजा दिवाळखोर ठरला. इंग्लंडातल्या गिरणीमालकांनी त्यातून एक धडा घेतला: यापुढे अमेरिकेवर एकट्या विसंबायचं नाही. वऱ्हाड हाताशी ठेवायचं.

तोवर जी.आय.पी. रेल्वे आली होती. भुसावळहून निघालेली लाइन मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला करत १८६७ पर्यंत नागपूरला पोचली. इंजिनिअरांनी पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून ती सरळ आखली, आणि कापसाच्या दोन मोठ्या पेठा बाजूलाच राहिल्या. अमरावती बडनेऱ्यापासून सहा मैल आत, आणि खामगाव जलंबपासून आठ मैल दक्षिणेला. हंगामात खामगावच्या गाठी पुन्हा बंड्यांवर चढवायच्या, जलंबला नेऊन उतरवायच्या, वाघिणीत भरायच्या. या आठ मैलांत वेळ जायचा, भाडं जायचं. म्हणून सरकारनं स्वतः फाटा टाकला. तेव्हापर्यंत आपल्याकडच्या रेल्वे खासगी कंपन्या बांधत आणि सरकार त्यांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी देत असे. म्हणजे नफा कंपनीचा आणि तोटा रयतेचा. मेयोला ही पद्धत पसंत नव्हती. नव्या लाइनी सरकारनं स्वतः, स्वस्तात बांधाव्यात असं त्याचं धोरण होतं. मीटरगेज हा आपल्याकडचा प्रकारही त्याच्याच कारकिर्दीतला निर्णय. खामगावचा फाटा ब्रॉडगेजचा, पण तो ‘खामगाव स्टेट रेल्वे’ या नावानं सरकारी होता, चालवायला जी.आय.पी.कडे दिलेला. पुढच्या वर्षी, १८७१ मध्ये, अमरावतीचाही झाला.

काळही कसा जुळून आला होता पाहा. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईची बोट आफ्रिकेला वळसा न घालता युरोपात जाऊ लागली. मार्च १८७० मध्ये जबलपूरला दोन लाइनी जोडल्या गेल्या आणि मुंबई-कलकत्ता रेल्वे सलग झाली. त्या समारंभालाही मेयो हजर होता. त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेल्या तारेनं मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. लिव्हरपूलच्या सौद्यात दुपारी भाव हलला की त्याची बातमी आता महिनाभरानं नव्हे, दिवसाच्या हिशोबात मुंबईत येणार होती, आणि तिथून खामगावच्या दलालाच्या कानावर. बैलाच्या पाठीवरून मिर्झापूरला जाणारा कापूस एका पिढीच्या आत रेल्वेत, बोटीत आणि तारेत बसला. त्या साखळीतली शेवटची कडी म्हणजे जलंब ते खामगाव.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर जिल्ह्याचे अभ्यासक मला धरतील. तेव्हा खामगाव बुलढाणा जिल्ह्यात नव्हतंच, अकोला जिल्ह्यात होतं. खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले ते १९०५ साली. शेगावही तेव्हा आजचं शेगाव नव्हतं. गजानन महाराज प्रकट झाले १८७८ मध्ये. मेयोच्या गाडीच्या खिडकीतून जे दिसलं असेल ते एक साधं गाव, आणि भोवती काळी शेतं.

आता हा माणूस कोण होता ते पाहू. जन्म २१ फेब्रुवारी १८२२, डब्लिन. घराणं सरदारांचं, पण फार पैसेवाल्यांचं नव्हे. आयर्लंडच्या सरदारांत हा प्रकार बराच असे: पदवी मोठी, जमीन बेताची. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. तेविशीत तो रशिया बघून आला आणि सेंट पीटर्सबर्ग व मॉस्को या शहरांवर त्यानं प्रवासवर्णन लिहिलं. ते १८४६ मध्ये छापलं गेलं. परत आला तो थेट दुष्काळात.

आयर्लंडचा तो दुष्काळ आपल्या वाचकांना सांगितला पाहिजे. तिथला गरीब माणूस बटाट्यावर जगत असे. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीचं जे स्थान, ते तिथे बटाट्याचं. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला, आणि पुढची तीन-चार वर्षं पीक शेतातच कुजत गेलं. सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून बोटींत बसली. आणि याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जातच होती. धान्य होतं, पण ते विकत घ्यायला गरिबाच्या हातात पैसा नव्हता. बाजार आपोआप सगळं सावरेल, सरकारनं मध्ये पडू नये, असं लंडनच्या पुष्कळ शहाण्यांचं मत होतं. तरुण बर्कनं किल्डेअर परगण्यात मदतीच्या कामात स्वतःला झोकून दिलं. त्या कामानं त्याची ओळख झाली आणि १८४७ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, किल्डेअरनं त्याला पार्लमेंटात पाठवलं. पुढे वीस-एकवीस वर्षं तो निरनिराळ्या मतदारसंघांतून खासदार राहिला. १८६७ मध्ये वडील वारल्यावर तो अर्ल झाला, तरी कॉमन्स सभेतच बसत होता. आयर्लंडच्या सरदारकीला लॉर्ड्‌समध्ये आपोआप जागा मिळत नसे.

या काळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी. पैसा बेताचा, म्हणून या सरदारपुत्रानं शेती आणि जनावरांचा धंदा केला, आणि तो मन लावून केला. आपली गुरं घेऊन मी बाजारात दिवसदिवसभर उभा राहिलेलो आहे, असं तो पुढे मोठ्या पदावर गेल्यावरही मोकळेपणानं सांगत असे. हिंदुस्थानात आलेल्या व्हाइसरॉयांच्या ओळीत पंडित आहेत, सेनापती आहेत, कवी आहेत. बाजारात बैल विकलेला दुसरा कुणी असेल असं वाटत नाही.

पण त्याला नुसता प्रेमळ शेतकरी समजू नये. तीन वेळा, १८५२, १८५८ आणि १८६६ मध्ये, तो आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी झाला, म्हणजे तिथल्या कारभाराचा मुख्य मंत्री. १८६७ मध्ये फेनियन क्रांतिकारकांनी बंड केलं ते मोडून काढणारा हाच. माणसांना बिनचौकशी तुरुंगात ठेवण्याचे अधिकार तेव्हा सरकारच्या हाती होते आणि ते त्यानं वापरले. आयर्लंड इंग्लंडच्या राज्यातच राहिलं पाहिजे याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती. भुकेल्याची कणव आणि साम्राज्यावरची निष्ठा, दोन्ही एकाच माणसात शेजारी शेजारी नांदत होत्या. आपल्याला हे विसंगत वाटतं. त्याला वाटत नव्हतं.

१८६८ मध्ये पंतप्रधान डिझरायलीनं त्याला व्हाइसरॉय नेमलं, तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली. आयर्लंडच्या पलीकडे कुणाला माहीत नसलेला माणूस! तो वाटेवर असतानाच डिझरायलीचं सरकार पडलं, ग्लॅडस्टन आला. त्याला नेमणूक रद्द करता आली असती, पण त्यानं ती केली नाही. १२ जानेवारी १८६९ ला मेयोनं कलकत्त्यात सूत्रं हाती घेतली. तिजोरी तुटीत होती. तीन वर्षांपूर्वीच ओरिसात दुष्काळानं सुमारे दहा लाख माणसं नेली होती आणि सरकारला वेळेवर जाग आली नव्हती.

तर असा हा माणूस खामगावला उतरला. त्याच्या स्वागताला जे अधिकारी होते त्यांत एक नाव महत्त्वाचं आहे: हॅरी रिव्हेट-कार्नॅक, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त. कापसासाठी एक वेगळा आयुक्त! ज्वारीचा आयुक्त सरकारनं कधी नेमला नाही. रिव्हेट-कार्नॅक हुशार आणि उत्साही होता. आपल्याकडच्या ‘बनी’ जातीच्या लांब धाग्याच्या कापसाचं महत्त्व त्याला कळलं होतं. कास्तकार मात्र आखूड धाग्याच्या पण जास्त उताऱ्याच्या ‘जरी’कडे झुकत होते. बियाणं निवडा, कापसात माती-पाणी मिसळू नका, पेठेत नीट ओटे बांधा, असा त्याचा घोशा चाललेला असे. हे सगळं चांगलंच होतं. पण याच माणसानं त्या काळच्या आपल्या एका अहवालात जे लिहिलं ते वाचून अंगावर काटा येतो. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: कापसाच्या मुलखात रेल्वेचा फाटा गेला, की विलायती कापड तिथे इतकं स्वस्त विकता येईल की देशी कापड मागे पडेल. मग इथे सूत काढण्यात ‘खर्च’ होणारा कापूसही निर्यातीला मोकळा होईल, आणि चरख्या-मागावर बसलेली माणसं शेतमजुरीला मिळतील.

कुठलीही लपवाछपवी नाही, कसला संकोच नाही. कोष्टी, साळी, सूत कातणाऱ्या बायाबापड्या यांचा धंदा बसावा हा या योजनेचा दुष्परिणाम नव्हता. तो तिचा फायदा म्हणून मांडला होता. खामगावला येणारी गाडी जाताना गाठी नेणार होती आणि येताना कापडाची ठाणं आणणार होती. दोन्हीकडून भरलेली गाडी, रेल्वेच्या हिशेबात याहून चांगलं काय!

मेयोच्या मनात त्या दिवशी काय होतं हे सांगणं धाडसाचं होईल. समारंभाला तो साम्राज्याचा प्रतिनिधी म्हणून आला होता आणि तसाच वागला असणार. पण त्याच्या पुढच्या वर्षभरातल्या कामावरून एवढं दिसतं, की कापसाच्या या प्रश्नाकडे तो वेगळ्या बाजूनं बघत होता. मँचेस्टरच्या कापूस-संस्थेचा आग्रह होता, की हिंदुस्थानात कापूस वाढवण्यासाठी सरकारनं स्वतंत्र खातं काढावं. मेयोनं खातं काढायचं ठरवलं, पण कापसाचं नव्हे, शेतीचं. सगळ्या शेतीचं. देशातल्या बहुतेक लोकांचं पोट आणि सरकारचा बहुतेक महसूल ज्या जमिनीवर चालतो, त्या जमिनीसाठी सरकारात एक खोलीसुद्धा नसावी, हे त्याला पटत नव्हतं. आपण शेतसारा घेतो म्हणजे आपण या देशातले सगळ्यात मोठे जमीनदार. मग जमीनदारानं जमिनीची काळजी घ्यायला नको का, असा त्याचा सरळ विचार होता. आयर्लंडात जमिनीची काळजी न घेणारे जमीनदार त्यानं भरपूर पाहिले होते.

आणि या खात्यानं काय करू नये, हेही त्यानं बजावून ठेवलं होतं. इथला शेतकरी शतकानुशतकं जे करत आलाय ते त्याला शिकवायला जाऊ नका. ज्यासाठी त्याच्याकडे साधनच नाही तेही सांगू नका. दोन्ही वेळा तो तुम्हाला हसेल, आणि मग खरोखर उपयोगाचा सल्लाही ऐकणार नाही. कुणीतरी विलायती खतांची शिफारस केली होती, त्यावर त्याचं म्हणणं असं, की हिंदी रयतेला शेतात शॅम्पेन ओतायला सांगण्यासारखंच ते आहे. दीडशे वर्षं झाली या बोलण्याला. तालुक्याच्या मेळाव्यात शेतकऱ्याला व्याख्यान द्यायला निघालेल्या कोणत्याही साहेबानं ते खिशात ठेवावं.

१८७१ मध्ये खातं निघालं. त्याचं नाव महसूल, शेती आणि व्यापार खातं. त्याचा सचिव म्हणून मेयोनं नेमला अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, चौदा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच ह्यूम. पण नावातच सगळं आलं. मेयोच्या मनात होतं शेतीचं खातं. लंडनच्या कात्रीतून बाहेर पडेपर्यंत शेती मधोमध दबली, आणि महसूल पुढे बसला. ह्यूमचा बराचसा वेळ मीठ, अफू, सारा असल्या फाइलींतच गेला.

बाकीची कामंही बरीच होती; त्यांचा पाढा वाचत नाही. १८७० च्या डिसेंबरात त्यानं प्रांतांना काही खात्यांचा पैसा त्यांच्या हाती सोपवून खर्चाची थोडी मोकळीक दिली. आपल्याकडच्या आर्थिक विकेंद्रीकरणाची सुरुवात तिथून धरतात. सगळ्या देशाची पहिली खानेसुमारी त्याच्या काळात सुरू झाली. वऱ्हाडची मात्र त्याआधीच, १८६७ मध्ये झाली होती. तेव्हा वऱ्हाडात सुमारे २२ लाख माणसं होती. संस्थानिकांच्या मुलांसाठी अजमेरला निघालेलं मेयो कॉलेज हीही त्याचीच कल्पना. तूट भरून काढण्यासाठी त्यानं प्राप्तिकर वाढवला आणि त्यापायी पुष्कळ शिव्या खाल्ल्या.

फेब्रुवारी १८७२ मध्ये तो अंदमानला गेला. अंदमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सेल्युलर जेल आणि सावरकर येतात, पण ते जेल पंचवीस वर्षांनंतरचं. तेव्हा तिथे जन्मठेपेच्या कैद्यांची उघडी वसाहत होती. तिची शिस्त सुधारायची म्हणून व्हाइसरॉय स्वतः पाहणीला गेला. ८ फेब्रुवारीला दिवसभराची पाहणी संपली. आजारी कैद्यांसाठी हवेशीर जागा पाहावी म्हणून तो संध्याकाळी माउंट हॅरिएट टेकडीवर चढला. २०२१ मध्ये तिचं नाव माउंट मणिपूर झालं. सूर्यास्त पाहून तो खाली उतरला तोवर अंधार पडला होता. मशालींच्या उजेडात होपटाउनच्या धक्क्यावरून तो बोटीकडे निघाला आणि दोन पावलं पुढे गेला. तेवढ्यात मागून एकानं झेप घेऊन पाठीत दोनदा सुरा खुपसला. मेयो पाण्यात पडला, स्वतःच उठून उभा राहिला, काही शब्द बोलला, आणि जहाजावर पोचेपर्यंत संपला. त्या जहाजावर, ‘ग्लासगो’वर, त्याची बायको जेवणासाठी वाट पाहत होती.

मारणारा शेर अली, आफ्रिदी पठाण. पेशावरच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोकरीत राहिलेला, घराण्याच्या वैरातून झालेल्या खुनाबद्दल काळ्या पाण्यावर आलेला. तिथे तो कैद्यांचा न्हावी होता. वागणूक चांगली, म्हणूनच मोकळा फिरू शकत होता. ११ मार्चला व्हायपर बेटावर त्याला फाशी दिलं. कटाची पुष्कळ चौकशी झाली. काही महिन्यांपूर्वीच कलकत्त्याच्या हंगामी सरन्यायाधीशाचा, नॉर्मनचा, खून झाला होता, त्यामुळे संशयाला जागा होती. पण शेर अलीच्या मागे कुणी होतं असं सिद्ध झालं नाही. योगायोग असा, की मेयोच्या कारकिर्दीचा सगळ्यात झगमगीत सोहळा १८६९ चा अंबाल्याचा दरबार, आणि तिथे त्याचा पाहुणा होता अफगाणिस्तानचा अमीर. त्याचंही नाव शेर अली.

मेयोचं शव आयर्लंडला नेऊन किल्डेअरमध्ये पुरलं. तिथल्या लोकांनी वर्गणी काढून त्याच्या कुटुंबासाठी पामर्सटाउनला वाडा उभारून दिला. पुढे आयर्लंड स्वतंत्र झालं, यादवी माजली, आणि १९२३ मध्ये तो वाडा जाळला गेला. लोकांची वर्गणीही खरी होती आणि ती आगही.

इकडे त्याच्या दोन कामांचं काय झालं? खामगावचा फाटा धडाक्यात चालला. खामगाव ही काही वर्षं हिंदुस्थानातल्या सगळ्यात मोठ्या कापूसपेठांपैकी एक होती. रायली, व्होल्कार्ट अशा परदेशी पेढ्या वऱ्हाडात आल्या, जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला ‘उमरा’ म्हणत, उमरावती म्हणजे अमरावतीवरून. शेतात ज्वारीची जागा कापूस घेत गेला. सारा रोखीत, देणं रोखीत, म्हणून पीकही रोखीचं.

आणि शेतीचं खातं? ते १८७९ मध्ये खर्चकपातीत बंद झालं. १८७६ ते ७८ चा दख्खनचा भीषण दुष्काळ नुकताच संपला होता, आणि अशा वेळी सरकारला वाचवायला सापडलं ते हेच! ह्यूमनं त्याच वर्षी शेती सुधारणेवर पुस्तिका लिहून मेयोची मूळ कल्पना काय होती आणि तिचं काय केलं गेलं, हे जगापुढे मांडलं. दोन वर्षांनी खातं पुन्हा निघालं ते दुष्काळ आयोगाच्या शिफारशीवरून.

१८९९ च्या पावसाळ्यानं पाठ फिरवली. छप्पन्याचा दुष्काळ. तीनच वर्षांपूर्वी एक टंचाई सोसून वऱ्हाड उभं राहत होतं. या खेपेला कापूसही गेला आणि ज्वारीही गेली. ‘रेल्वे असताना दुष्काळ कसला, धान्य आणता येतं,’ असं सरकारी उत्तर असे. ते अर्धं खरं होतं. रेल्वेनं धान्य आलं, आणि ते आलं म्हणून काही माणसं वाचलीही. पण धान्य बाजारभावानं आलं. शेतात काम नाही, वेचणी नाही, आणि मागावर बसणाऱ्यांचा धंदा आधीच बसलेला. मजुराच्या हातात पैसा कुठून यावा? १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती; १९०१ च्या खानेसुमारीत ती साडेसत्तावीस लाखांवर आली. बुलढाणा जिल्ह्यातही माणसं घटली. पन्नास वर्षांपूर्वी किल्डेअरच्या तरुण बर्कनं जे पाहिलं होतं, तेच खामगावच्या आसपास घडलं: धान्य आहे, गाड्या आहेत, आणि माणूस उपाशी आहे.

हे सगळं मेयोच्या माथी मारणं मला योग्य वाटत नाही, आणि तो जगता तर सगळं टळलं असतं असंही मी म्हणणार नाही. लंडनच्या तिजोरीपुढे कुठल्याच व्हाइसरॉयचं फार चालत नसे. पण त्याच्या दोन कल्पनांपैकी मँचेस्टरच्या सोयीची होती ती आठ मैलांत पुरी झाली, आणि रयतेच्या सोयीची होती ती फाइलीत अडकली. फाटा बांधायला आयुक्त होता, पैसा होता, घाई होती. शेतीसाठी एक ह्यूम होता, आणि त्याच्या टेबलावर मिठाच्या फाइली होत्या.

वऱ्हाडाला स्वतःचं शेतीचं मोठं पीठ मिळायला १९६९ साल उजाडावं लागलं. अकोल्याला कृषी विद्यापीठ निघालं आणि त्याला नाव दिलं गेलं ते डॉ. पंजाबराव देशमुखांचं, वऱ्हाडातल्याच शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या आणि स्वतंत्र भारताचं शेती खातं दहा वर्षं सांभाळलेल्या माणसाचं. खामगावचा फाटा अजून आहे. जलंबला मुख्य लाइन सोडायची आणि आठ मैल आत यायचं. पुढे जालन्यापर्यंत तो न्यावा, ही मागणी आमच्या भागातल्या कित्येक पिढ्या करत आल्या आहेत. १८७० मध्ये कापूस जिथे मिळत होता तिथे रूळ थांबवले होते.